टँकरची वही आणि बंद एसटीपी: एका सोसायटीच्या पाण्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ गावं आली आणि ३० जून २०२१ रोजी आणखी २३. हे प्रकरण त्या २३ पैकी पूर्वेकडच्या एका गावातल्या सोसायटीचं आणि तिच्या बंद एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं, आहे. गावाचं, सोसायटीचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हिशोबाचे आकडे सोयीसाठी ढोबळ केले आहेत. या भागातल्या सोसायट्यांच्या महासंघात मी पाण्याचं काम बघतो. त्यामुळे बहुतेक बैठकांना हजर होतो. निर्णय मात्र कमिटीचे आणि सभेचे.

चार विंग, अकरा मजले, १६८ फ्लॅट, राहती माणसं साधारण ५२०. घेणाऱ्यांमध्ये आयटीतले, खराडी-हडपसरला कामाला जाणारे, लातूर-नगरकडून मुलांच्या शिक्षणासाठी आलेले, आणि काही परदेशात राहून गुंतवणूक म्हणून घेतलेले. आजूबाजूला पंधरा वर्षांपूर्वी ज्वारी आणि ऊस होता. ग्रामपंचायतीची पाणी योजना तेव्हाच्या गावठाणाला पुरेल एवढीच. तिच्यावर अशा डझनभर सोसायट्या येऊन बसल्या.

महापालिकेत गेल्यावर पाणी येईल, ही सगळ्यांची समजूत. पण समावेश झाल्यावरही या २३ गावांचं नियोजन पीएमआरडीएकडेच (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) राहिलं. म्हणजे नवीन इमारतीला परवानगी एक कार्यालय देणार, तिला पाणी पुरवण्याची जबाबदारी दुसऱ्याची. भामा आसखेड धरणाचं पाणी २०२१ च्या सुरुवातीपासून शहराच्या पूर्व भागाला मिळू लागलं, पण या सोसायटीच्या रस्त्यापर्यंत वाहिनी आलेली नव्हती. दर पावसाळ्यात खडकवासला साखळीतली चार धरणं भरल्याच्या बातम्या वाचायच्या आणि त्याच सकाळी गेटवर टँकर मोजायचे, हे इथल्या लोकांना इतकं सवयीचं झालं होतं की त्यावर विनोदही होईनासे झाले होते.

अडचण

सोसायटीच्या दोन बोअर होत्या. दिवाळीपर्यंत त्या बऱ्यापैकी चालत. एप्रिल-मेमध्ये दोन्ही मिळून दिवसाला दहा हजार लिटर दिलं तर दिलं. बाकी सगळं टँकरवर. एप्रिल २०२४ मध्ये रोज आठ-नऊ ‘दहा हजारी’ टँकर येत होते, सरासरी अकराशे रुपयाला एक. महिन्याचं बिल दोन लाख ऐंशी हजारांच्या घरात गेलं आणि कमिटीने प्रत्येक फ्लॅटवर सरसकट १,७०० रुपये जादा लावले.

इथून भांडण सुरू झालं. दोघंच राहणारे म्हणाले, सहा माणसांच्या घराएवढे पैसे आम्ही का द्यायचे? बंद फ्लॅटवाले म्हणाले, आम्ही तर नळही उघडत नाही. आदर्श उपविधींमध्ये पाणीपट्टीची वाटणी फ्लॅटमधल्या नळजोडण्यांची संख्या आणि आकार यांवरून करावी असं आहे. ते वाचून दाखवल्यावर तीन बाथरूमवाले उठले. पाणी दिवसातून दोनदा, दोन-दोन तास. सी विंगचे लोक सांगत होते की आमच्याकडे वेळ संपायच्या आधीच नळ सुकतो. त्यांना वाटायचं, वॉचमन ए विंगचा व्हॉल्व्ह आधी उघडतो. (तो खरंच उघडत होता, कारण तो जवळ होता.)

एवढ्या गदारोळात एक प्रश्न कुणीच विचारला नव्हता. आपल्याकडे रोज नेमकं किती पाणी येतं आणि त्यातलं जातं कुठे?

समोर असलेले पर्याय

जून २०२४ च्या विशेष सभेत पाच गोष्टी चर्चेला आल्या. कोरम नव्हता, म्हणून नेहमीप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब करून त्याच खुर्च्यांवर पुन्हा भरवली.

पहिला पर्याय तिसऱ्या बोअरचा. याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. पैसे एकदाच, काम दोन दिवसांत, आणि डोळ्यांना दिसणारं.

दुसरा, महापालिकेकडे पाठपुरावा आणि वेळ पडल्यास न्यायालय. बांधकाम परवानगीच्या फाइलमध्ये बिल्डरने दिलेलं हमीपत्र होतं: महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. ते माहितीच्या अधिकारात मिळवायचं आणि त्यावरून भांडायचं. रास्त होतं, पण त्या वर्षीच्या टंचाईला त्याचा उपयोग नव्हता.

तिसरा, पावसाचं पाणी जमिनीत मुरवणं. याबद्दल सगळ्यांना आदर असतो, आणि हिशोब कुणी करत नाही. चार छपरं मिळून १,८०० चौरस मीटर, पाऊस ६०० मिलिमीटर धरला आणि वीस टक्के वाया गेला समजलं, तरी वर्षाचं पाणी होतं साडेआठ-पावणेनऊ लाख लिटर. ऐकायला भरपूर. सोसायटीची रोजची गरज माणशी १३५ लिटरच्या मापाने सत्तर हजार लिटर. म्हणजे छपरावरचा अख्खा पावसाळा बारा दिवसांत संपतो. त्यातही जमिनीत सोडलेलं पाणी आपल्याच बोअरला लागेल याची खात्री नाही. खाली बेसाल्टचा कातळ. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत, आणि भेग कंपाउंडच्या भिंतीशी थांबत नाही. पुनर्भरण करावंच, पण त्याने टँकर बंद होतील असं सांगून करू नये, असं माझं मत मी सभेत मांडलं. ते फारसं आवडलं नाही.

चौथा, प्रत्येक फ्लॅटला मीटर. या इमारतीत प्रत्येक फ्लॅटमध्ये पाणी चार-पाच ठिकाणांहून शिरतं: दोन-तीन बाथरूम, स्वयंपाकघर, कोरडी बाल्कनी. प्रत्येक डक्टमधून वेगळी उतरती लाइन. म्हणजे एका घराला चार-पाच मीटर. कोटेशन बघूनच विषय मागे पडला.

पाचवा पर्याय नव्या सेक्रेटरी मॅडमनी मांडला: एसटीपी चालू करायचा. सोसायटीत बिल्डरने सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बांधलेलं होतं, फ्लशसाठी वेगळी पाइपलाइनही होती. पण ताबा मिळाल्यावर वर्षभरात फ्लशच्या पाण्याला वास येतो म्हणून तक्रारी झाल्या आणि तेव्हाच्या कमिटीने फ्लशची लाइन साध्या पाण्याला जोडून टाकली. तेव्हापासून एसटीपी म्हणजे बेसमेंटमधली एक कुलूपबंद खोली. मैलापाणी थेट मागच्या ओढ्यात.

सभेने बोअर मंजूर केली. एसटीपीबद्दल चेअरमन काका म्हणाले, “मॅडम, त्याचं लाइट बिलच केवढं येईल!” विषय संपला.

काय केलं

बोअर. पाणाड्या आला, तळहातावर नारळ उभा राहिला ती जागा ठरली. ५५० फुटांपर्यंत खणली. १८० फुटांवर थोडं पाणी लागलं, त्याखाली नुसता धुरळा. दोन लाखांवर खर्च झाला. पाणी यायला लागलं तसं शेजारच्या दुसऱ्या बोअरचं कमी झालं. दोघींची भेग बहुधा एकच. एकूण पाण्यात फरक जवळजवळ शून्य.

मोजमाप. या अपयशानंतर सेक्रेटरी मॅडमनी परवानगी न मागता एक काम केलं. जमिनीखालच्या टाकीची आतली मापं घेतली: सहा मीटर बाय पाच. म्हणजे दहा हजार लिटर आत गेले तर पातळी ३३ सेंटिमीटर चढायला हवी. टाकीच्या भिंतीवर ऑइल पेंटने पट्टी रंगवली आणि वॉचमनला सांगितलं, टँकर रिकामा होताना वरची मोटर बंद ठेवायची, आधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहायचा. आठवडाभरात वहीत २७, २८, २७, २८ असे आकडे जमले. एखाद्या वेळी ३२. म्हणजे बहुतेक टँकर आठ ते साडेआठ हजारांचे होते. टँकरवाल्याची फसवणूक म्हणावी तर त्याने टाकीचं माप कधी लेखी दिलंच नव्हतं. ‘दहा हजारी’ हे नाव होतं. गेटवरच्या वहीत तोवर फक्त गाडीचा नंबर, वेळ आणि सही असायची.

मग रात्रीची चाचणी. मोटर बंद करून चारही विंगच्या गच्चीवरच्या टाक्यांची पातळी रात्री एकला आणि पहाटे चारला बघितली. लोक झोपलेले असताना पाणी उतरलं तर ते गळतंय. तीन विंगमध्ये फरक किरकोळ. सी विंगची टाकी नऊ सेंटिमीटर उतरली. टाकीचं क्षेत्रफळ २० चौरस मीटर, म्हणजे तीन तासांत १,८०० लिटर. दुसऱ्या दिवशी प्लंबर घरोघर फिरला. एका डक्टमध्ये फ्लशच्या लाइनचा सांधा सुटलेला, आणि पाच घरांत फ्लशची टाकी अखंड झिरपत होती. पैकी दोन घरं बंद होती. त्यातल्या एकाचे मालक परदेशात असतात आणि ‘आम्ही नळही उघडत नाही’ हा मुद्दा ग्रुपवर सगळ्यात जोरात त्यांनीच मांडला होता. नातेवाइकाने किल्ली आणून दिली तेव्हा कमोडमध्ये पाण्याची बारीक धार चालूच होती. सी विंगला पाणी का पुरत नाही याचं उत्तर व्हॉल्व्हमध्ये कमी आणि इथे जास्त होतं.

टँकरवाल्याशी बोलणं. टँकर ज्यांच्या विहिरीवरून भरत ते गावातले जुने शेतकरी. कमी मापाचा विषय काढायला मॅडम, मी आणि खजिनदार त्यांच्याकडे गेलो. माप लगेच मान्य केलं. भरलेल्या लिटरप्रमाणे पैसे घ्यायला तयार झाले. मग ते म्हणाले, “ताई, मापाचं सोडा. तुमच्या सोसायट्यांचं घाण पाणी ओढ्यातून माझ्या विहिरीच्या अंगाला येतं. तेच मी भरून तुम्हाला आणून देतो. माझ्या घरात पिण्याला आम्ही जार आणतो.”

विहिरीचं आणि टँकरचं पाणी प्रयोगशाळेत दिलं. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर आणि कोलिफॉर्म जिवाणू (मैला मिसळल्याची खूण) सापडले. खतामुळेही नायट्रेट वाढतं, त्यामुळे सगळा दोष मैलापाण्याचा म्हणता येणार नाही. पण आजूबाजूला खत घालायला शेत उरलं होतंच किती? जमिनीखालच्या टाकीत क्लोरीन औषधापुरताही नव्हता. त्या आठवड्यापासून टाकीत मापून क्लोरीन आणि रोज सकाळी ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून नळाचं पाणी पिवळं होतं का, म्हणजे त्यात क्लोरीन उरलाय का, ते बघणं सुरू झालं. खर्च नगण्य, आणि हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

एसटीपी. सप्टेंबर २०२४ च्या वार्षिक सभेत आता तीन कागद होते: टँकरचं खरं माप, गळतीचा अहवाल, विहिरीची तपासणी. माणशी १३५ लिटरमधले ४५ लिटर फ्लशला जातात असं धरलं तर ५२० माणसांचे तेवीस हजार लिटर, म्हणजे रोजचे अडीच टँकर संडासात ओतले जात होते. एसटीपीच्या दुरुस्तीला साडेसहा लाख आणि चालवायला महिन्याला साधारण साठ हजार, वीज धरून. ठराव मंजूर झाला, पण काठावर.

बिघाड काय होता ते सांगण्यासारखं आहे, कारण बहुतेक सोसायट्यांत तेच असतं. यंत्र मोडलं नव्हतं. ऑपरेटर वीज वाचवायला रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) बंद करायचा, कारण कमिटीनेच बिलावरून त्याला झापलं होतं. मैला खाणाऱ्या जिवाणूंना हवा सतत लागते. तासन् तास ती मिळाली नाही की ते मरतात आणि पाण्याला वास सुटतो. वास आला म्हणून फ्लशची लाइन तोडली, लाइन तोडली म्हणून एसटीपी निरुपयोगी ठरला, निरुपयोगी म्हणून ब्लोअर कायमचा बंद. दुरुस्तीत मुख्य काम होतं ते साचलेला गाळ उपसणं, तळातले हवेचे बुडबुडे सोडणारे बुजलेले डिफ्यूझर बदलणं, आणि चाळणीत अडकलेले केस नि सॅनिटरी पॅड रोज काढायला एक माणूस नेमणं.

मधेच जीबीएस. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात गुलियन-बॅरे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडल्याच्या आणि पाण्यावर संशय असल्याच्या बातम्या आल्या. आमचा भाग शहराच्या दुसऱ्या टोकाला, पण भीतीला टोक नसतं. नेमकं त्याच महिन्यात एसटीपीचं पाणी फ्लशला सोडायचं ठरलं होतं. ग्रुपवर एका आजोबांनी लिहिलं, “गटाराचं पाणी घरात घेणार नाही.” त्याखाली पन्नास अंगठे.

कमिटीपुढे दोन वाटा होत्या: ठराव झालाय म्हणून सोडून द्यायचं, किंवा थांबायचं. ते थांबले, पण हातावर हात धरून नाही. फ्लशच्या लाइनमध्ये निळा रंग सोडला आणि प्रत्येक घरातला प्रत्येक नळ उघडून बघितला. रंग फक्त फ्लशमध्ये दिसायला हवा. बी विंगमधल्या एका घरात तो कमोडशेजारच्या जेट स्प्रेमधून आला. नूतनीकरण करताना त्यांच्या प्लंबरने जवळची लाइन म्हणून जेट फ्लशच्या पाइपला जोडला होता. अशी चार घरं निघाली. चाचणीविना पाणी सोडलं असतं तर त्या चार घरांत एसटीपीचं पाणी थेट अंगाला लागलं असतं. आजोबांची भीती अडाणी नव्हती. चारही जोडण्या सोसायटीच्या खर्चाने बदलल्या, आणि बाथरूमचं काम काढण्याआधी सोसायटीच्या प्लंबरला दाखवायचं असा नियम झाला. फ्लशला पाणी मार्चमध्ये सुटलं, ए विंगपासून. आजोबांची विंग शेवटी.

निष्पत्ती

एप्रिल २०२५ मध्ये टँकर रोज चार, क्वचित पाच, आणि प्रत्येकाचं माप पट्टीवर. बिल निम्म्यावर आलं. एसटीपीचा चालू खर्च वजा केला तरी उन्हाळ्यात महिन्याला पाऊण लाखाच्या आसपास वाचले. पावसाळ्यात बोअर भरल्या की ही बचत जवळजवळ उरत नाही, खर्च मात्र तोच राहतो. हे सभेत आधीच सांगितलं होतं, म्हणून जुलैच्या हिशोबावरून पुन्हा भांडण झालं नाही. विंगनिहाय चार मीटर बसले. घराघरातली तुलना नको होती आणि गळती पकडायला तेवढे पुरतात. पाणीपट्टीची वाटणी मात्र अजून सरसकटच आहे. नळजोडण्यांप्रमाणे करण्याचा ठराव दोनदा पुढे ढकलला गेला.

फ्लशच्या पाण्याला पावसाळी दिवसांत किंचित पिवळट छटा असते. दोन घरांनी अजून जोडणी घेतलेली नाही.

हमीपत्राची प्रत मिळाली, बिल्डरला नोटीस गेली. उत्तर आलं की कंपनीने तेव्हा बोअर करून देऊन जबाबदारी पूर्ण केली आहे. त्यावर वकिलांचं मत घेणं चालू आहे.

कुठे वेगळं वळण घेता आलं असतं

सगळ्यात महागडा निर्णय जून २०२४ चा, तिसऱ्या बोअरचा, आणि तो चुकला कारण त्या सभेत एकही आकडा नव्हता. टाकीवरची पट्टी आणि रात्रीची चाचणी यांना मिळून रंगाच्या डब्याएवढा खर्च आला. त्या आधी झाल्या असत्या तर बोअरचे दोन लाख एसटीपीत गेले असते आणि २०२४ चा अख्खा पावसाळा दुरुस्तीला मिळाला असता. पण लोकांचं ऐकलं तर कळतं की बोअर निव्वळ अज्ञानातून मंजूर झाली नाही. उन्हाळ्याच्या टंचाईने तापलेल्या सभेला काहीतरी होताना दिसायला हवं असतं. मोजमापाचा प्रस्ताव मांडणाऱ्याला ‘वेळ काढतोय’ असं म्हणतात. अशा सभा फेब्रुवारीत घ्याव्यात, एवढंच सुचवू शकतो.

ताबा घेताना एसटीपी चालू स्थितीत, पाण्याच्या तपासणीच्या अहवालासह हस्तांतरित करून घेतला असता तर दुरुस्ती बिल्डरच्या खर्चाने झाली असती. त्या वेळच्या कमिटीने क्लब हाउसच्या फरशीवरून दोन महिने घातले आणि एसटीपीच्या कागदावर सही केली. खोली कुणी उघडलीच नाही.

ऑपरेटरला वीजबिलावरून बोलणं बंद करायला हवं होतं. आता ब्लोअरचा वेगळा सबमीटर आहे, आणि युनिट कमी आले की विचारणा होते, जास्त आले की नाही.

विहिरीचा प्रश्न सुटलेला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा तपासणी केली. नायट्रेट जवळजवळ तेवढंच. ओढ्याच्या वरच्या अंगाला आणखी सोसायट्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचे एसटीपी याच अवस्थेत आहेत. चांगला ऑपरेटर एकट्या सोसायटीला परवडत नाही, म्हणून शेजारच्या दोन सोसायट्यांनी मिळून एक प्रशिक्षित माणूस ठेवावा असा प्रस्ताव महासंघाने दिला आहे. एकीने होकार कळवला. दुसरीत कमिटीची निवडणूक लागली आहे.